छोटा डेस्कटॉप नवा घ्यावा की रिफर्बिश्ड?

कराडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या घरून अकाउंट्सचं काम करतात. टॅली, एक्सेल, जीएसटी आणि इन्कम टॅक्सची पोर्टल्स, डिजिटल सहीसाठी डीएससीचं (सही साठवलेलं, यूएसबीत लावायचं) टोकन. संध्याकाळी तेच मशीन नववीतल्या लेकीच्या ताब्यात जातं. जुना टॉवर आता धापा टाकतोय. मॉनिटर आणि कीबोर्ड चांगले आहेत, टेबल लहान आहे, म्हणून जाड पुस्तकाएवढा डेस्कटॉप हवा आहे. त्यांना चार भाव मिळालेत. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण साफ-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा, ८,५०० रुपयांना. रिफर्बिश्ड, आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी, १५,००० ला. ऑनलाइन मिळणारा नवा मिनी पीसी, इंटेल एन१००, १६ जीबी आणि ५१२ जीबी, १९,००० ला. आणि मोठ्या ब्रँडचा नवाकोरा, तेराव्या पिढीचा आय३, ८ जीबी, ३८,००० ला. भाचा म्हणतो मॅक मिनीच घे. ताईंना भीती एकच आहे, जुनं घेऊन फसणार तर नाही ना?

ताई, पुण्यात ऑफिसांना मशीन पुरवायची आणि ती चालू ठेवायची, हाच माझा धंदा आहे. नवी विकतो, रिफर्बिश्डही विकतो, त्यामुळे एकाच बाजूने बोलण्याचं मला कारण नाही. तुमची भीती रास्त आहे, फक्त ती 'जुनं' या एका शब्दावर टाकू नका. तुमच्या चार पर्यायांत फसवणारं एक जुनं आहे आणि जपून घ्यावं असं एक नवंही आहे. मी तीन गोष्टी बघतो. या मशीनला विंडोजचे अपडेट अजून किती वर्षं मिळतील? बिघडलं तर ते कोण, किती दिवसांत हातात घेईल? आणि दोन दिवस मशीन बंद राहिलं तर तुमचं काय अडेल? तुम्ही दुसऱ्यांचे हिशेब सांभाळता, म्हणून तिसरा प्रश्न तुमच्या बाबतीत सगळ्यांत जड आहे.

आधी सहाव्या पिढीचा आय५ बाजूला काढू, कारण स्वस्त दिसतो म्हणून सगळ्यांची नजर तिथेच जाते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं, शिवाय टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). एखाददुसरा अपवाद सोडला तर सहावी आणि सातवी पिढी त्या यादीत नाही. ऑफिसांनी हीच मशीन या कारणाने बाहेर काढली आणि बाजारात त्यांचा ढीग लागला, म्हणून भाव पडलाय.

दुकानदार सांगेल, "यात विंडोज ११ टाकून देतो, बघा चालतंय." चालतं, खोटं नाही. तपासणी चुकवून ते टाकता येतं. पण दरवर्षी विंडोजची जी नवी आवृत्ती येते ती अशा मशीनला आपोआप मिळत नाही, प्रत्येक वेळी कुणाला तरी बसून ती हाताने चढवावी लागते. आणि मासिक सुरक्षा अपडेट येत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर क्लायंटचे पॅन, बँकेची स्टेटमेंट आणि डीएससी आहे, तिथे ही जोखीम मी कुणालाच घेऊ देत नाही. लेकीला फक्त पायथन शिकायला लिनक्सचं मशीन हवं असतं, तर हेच ८,५०० वालं मी आनंदाने सुचवलं असतं. तुमच्या कामाला लिनक्स चालणार नाही, कारण टॅली आणि टोकनचे सगळे व्यवहार विंडोजभोवती बांधलेले आहेत.

याच कारणाने मॅक मिनीही मागे ठेवू. मशीन उत्तम आहे. २०२४ च्या अखेरीस आलेल्या एम४ मध्ये अगदी खालच्या मॉडेललाही १६ जीबी रॅम आहे, आणि तो भारतात ५९,९०० ला आला. पण टॅलीप्राइम हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. मॅकवर ते वेगळ्या खटपटी करून किंवा क्लाउडवरून चालवावं लागेल. रोज सकाळी क्लायंटचा फोन आल्यावर तुम्हाला खटपट नको, व्हाउचर हवंय.

उरले तीन, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे.

आठव्या पिढीची ही छोटी ऑफिस मशीन कुठून येतात ते आधी सांगतो, म्हणजे भाव आणि भीती दोन्ही समजतील. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्या तीन ते पाच वर्षांच्या लीजवर शेकड्याने डेस्कटॉप घेतात. लीज संपली की ती सगळी एका लॉटमध्ये निघतात, मोठ्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून पुण्यात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला, बेंगळुरूच्या एस. पी. रोडला पोहोचतात. लेनोवोचं थिंकसेंटर टायनी, डेलचं ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचं एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी ही यातली नेहमीची नावं. तिघांचाही आकार साधारण एक लिटरचा. एसीत आणि यूपीएसवर चाललेली, दिवसभर ईमेल आणि एक्सेल पाहिलेली ही मशीन असतात. घरगुती गेमिंगमध्ये पिळून निघालेल्या मशीनपेक्षा त्यांचं आयुष्य मला जास्त भरवशाचं वाटतं.

यांचा दुसरा गुण म्हणजे ती दुरुस्त करता येतात. टायनीचं झाकण मागच्या एका स्क्रूवर आहे. तो काढायचा, झाकण पुढे सरकवायचं की पंखा आणि अडीच इंची डिस्कची जागा समोर. उलटं करून खालचं झाकण काढलं की रॅमचे दोन स्लॉट आणि एम.२ (छोट्या पट्टीसारखी) एसएसडी. पंखा, अ‍ॅडॉप्टर, रॅम, एसएसडी सगळं वेगळं मिळतं. ड्रायव्हर आणि बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून उतरवता येतात. जून २०२६ पासून मायक्रोसॉफ्टची २०११ सालची सिक्युअर बूट प्रमाणपत्रं संपायला लागतात आणि काही मशीनना त्यासाठी नवं बायोस लागू शकतं. अशा वेळी मागे उभी असलेली कंपनी असणं फार उपयोगी पडतं.

आता एन१००. तो २०२३ च्या सुरुवातीला आला. चार छोटे कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग), ६ वॉटची चिप. जुन्या अ‍ॅटम-सेलेरॉनच्या अनुभवावरून त्याला नावं ठेवू नका. एक-एक काम करताना तो आठव्या पिढीच्या आय५-८५००टीच्या जवळपास जातो. फरक पडतो एका वेळी बरंच काही उघडलं की. ८५००टीला सहा पूर्ण कोअर आहेत आणि रॅम दोन चॅनेलने, म्हणजे दोन वाटांनी, चालते. एन१०० ला रॅमचा एकच चॅनेल. टॅली, क्रोमच्या वीसेक टॅब, एक मोठं एक्सेल आणि वर क्लायंटशी व्हिडिओ मीटिंग, असा तुमचा मार्च महिना असेल. तिथे ८५००टी सावरून घेतो, एन१०० अडखळतो.

उलट बाजूही सांगतो. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ आता एव्ही१ या प्रकारात येतात. एन१०० ते हार्डवेअरवर उलगडतो, आठव्या पिढीत ती सोय नाही, सगळं प्रोसेसरवर पडतं. १०८० पीला अडचण येत नाही, ४के ला येते. म्हणजे टीव्हीमागे लावायला किंवा दिवसरात्र चालू ठेवायच्या छोट्या सर्व्हरला मी एन१०० देतो, पण हिशेबाच्या टेबलावर देत नाही.

विजेचा मुद्दा यात फार ताणला जातो, म्हणून आकडा मांडतो. तुमच्या जुन्या टॉवरपेक्षा छोट्या मशीनने ४० वॉट वाचवले, तर दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरून १२० युनिट वाचले. तो फायदा दोन्ही छोट्या मशीनमध्ये मिळतो. त्या दोघांत आपसात ५ वॉटचा फरक धरला तर वर्षाला १५ युनिट. त्यावरून निर्णय घेऊ नका.

एन१०० च्या बाबतीत माझी खरी अडचण चिपशी नाही, डब्याशी आहे. दर सहा महिन्यांनी नवं नाव घेऊन येणारे हे ब्रँड. आतली एसएसडी कुणाची, रॅम कुणाची, पत्ता नाही. बायोसचा अपडेट शोधायला गेलं तर साइटच सापडत नाही. वॉरंटी वर्षाची लिहिलेली असते, पण सर्व्हिस सेंटर कुठे आहे विचारलं की कुरियरचा पत्ता मिळतो. २०२४ मध्ये अशा एका ब्रँडच्या काही मशीनमध्ये कारखान्यातूनच मालवेअर आल्याचं उघड झालं होतं आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं. म्हणून असं मशीन घेतलंच, तर पहिल्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं टाकून घ्यायचं, आलेलं तसंच वापरायचं नाही. ते टाकण्यापूर्वी मशीनचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवायचे, नाहीतर वायफाय चालेना म्हणून अडकाल. नवं आहे म्हणजे निर्धास्त, हे या प्रकारात लागू होत नाही.

मोठ्या ब्रँडचं ३८,००० चं नवं मशीन कधी घ्यावं? जेव्हा घरी येऊन दुरुस्त करून देणारी वॉरंटी तुमच्या गावात खरोखर मिळते तेव्हा. नुसतं बॉक्सवर लिहिलेलं धरू नका. त्यांच्या टोल-फ्री नंबरवर कराडचा पिनकोड सांगून विचारा, इंजिनियर कुठून येतो आणि किती दिवसांत. साताऱ्याहून किंवा कोल्हापुरातून दुसऱ्या दिवशी माणूस येत असेल, आणि तुमचे क्लायंट इतके असतील की दोन दिवस काम थांबणं म्हणजे दंड भरणं, तर ते पैसे वाया जात नाहीत. एक लक्षात ठेवा, त्या भावात रॅम ८ जीबीच आहे.

रॅमबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे हिशेबच बदललाय. मी वर्षानुवर्षं लोकांना सांगायचो, ८ जीबीवालं घ्या, नंतर बाहेरून रॅम टाकू, स्वस्त पडेल. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की तो सल्ला आता लागू नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरकडे वळवलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून आज मशीन घेताना हवी तेवढी रॅम आतच असलेलं घ्या. तुमच्या १५,००० वाल्यात १६ जीबी आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. नव्या आय३ ला १६ करायला जो खर्च येईल तो त्या ३८,००० मध्ये मिळवूनच तुलना करा.

वर्षाचा खर्च तुम्ही माझ्याआधी काढाल, तरी माझा अंदाज लिहितो. आठव्या पिढीचं मशीन चार वर्षं धरलं तर वर्षाला ३,७५०. एन१०० वालाही मी चारच वर्षं धरतो, म्हणजे ४,७५०. ब्रँडेड नवं सात वर्षं धरलं तर साधारण ५,४३०. वर्षांचे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, कंपनीचे नाहीत. आणि आठवी पिढी ही विंडोज ११ च्या यादीची सगळ्यांत खालची पायरी आहे. उद्या मायक्रोसॉफ्टने अट वाढवली तर पहिली गळणार ती हीच. म्हणून दुकानदाराला विचारा, दहाव्या पिढीचं काय भावाने देता? आय५-१०५००टीला सहा कोअर आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, आणि ते २०२० चं आहे. तीन-चार हजार जास्त पडत असतील तर डोळे मिटून तेच घ्या. त्याहून जास्त मागितले तर आठवी किंवा नववी पिढी पुरे.

म्हणजे माझं उत्तर, तुम्ही सांगितलेल्या कामासाठी, रिफर्बिश्ड. पण अमुक दुकानातून आणि अमुक तपासण्या करून. यातल्या बऱ्याच तपासण्या दुकानातच पंधरा-वीस मिनिटांत होतात.

पिढी मॉडेलच्या नावावरूनच ओळखता येते, आणि ती ओळखायला शिका, कारण बाहेरून ही मशीन जुळ्या भावंडांसारखी दिसतात. डेलमध्ये ३०५० किंवा ७०५० म्हणजे सहावी-सातवी पिढी. ३०६० आणि ७०६० पासून आठवी सुरू होते, ३०८० आणि ७०८० म्हणजे दहावी. एचपीच्या एलिटडेस्क ८०० मध्ये जी३ म्हणजे सहावी-सातवी, जी४ म्हणजे आठवी. लेनोवोत एम७१०क्यू जुनं, एम७२०क्यू आठवी-नववी. पुढच्या 'आय५' च्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर दहा रुपयाला मिळतो. विंडोज सुरू करून 'सिस्टिम'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. तळाचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मूळ वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं, त्यावरून मशीनचं वय कळतं. तोच नंबर बिलावर लिहून घ्या.

मग बायोस. सुरू होताना डेलला एफ२, लेनोवोला एफ१, एचपीला एफ१०. आत जाताना पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवून बाहेर पडा. जुन्या कंपनीचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. आत टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहे का पाहा.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि नेमकी तीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दुकानदाराला सांगा, मशीन रीसेट करून, इंटरनेट जोडून, पहिल्यापासून विंडोजचं सेटअप माझ्यासमोर करा. कारण असं आहे. कंपन्या आपली मशीन मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या सेवेत नोंदवतात. लॉट विकताना ती नोंद काढायची राहून गेली, तर दुकानात सगळं छान चालतं. घरी कधीतरी तुम्ही रीसेट करता आणि पडद्यावर अनोळखी कंपनीचं नाव येतं, खाली त्यांच्या कर्मचाऱ्याचा ईमेल आणि पासवर्ड मागणारी चौकट. पुन्हा फॉरमॅट केलं तरी तेच, कारण नोंद डिस्कवर नसते, मशीनच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असते. ती फक्त मूळ कंपनीच रीतसर सोडवू शकते, आणि तुम्ही त्यांना कुठे शोधणार? माझ्याकडे असं एक मशीन घेऊन एक शिक्षिका आल्या होत्या. बिल होतं, पैसे रोख दिले होते, आणि हातात जे होतं ते कागदोपत्री दुसऱ्याचं. दुकानात दहा मिनिटं जास्त गेली असती तर हे तिथेच दिसलं असतं.

सेटअप झालं की सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्सने सक्रिय आहे असं लिहिलेलं हवं. 'तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेमार्फत' अशा अर्थाची ओळ दिसली तर ते लायसन्स घरगुती मशीनचं नाही, जुगाड आहे. याची गरजही नसते, कारण ऑफिसच्या या मशीनसोबत बहुधा विंडोज प्रो मुळातच आलेलं असतं आणि त्याची खूण मदरबोर्डवर असते. साधं कोरं विंडोज टाकलं की ते आपणहून सक्रिय होतं. हीच तपासणी नव्या मिनी पीसीवरही करा.

अ‍ॅडॉप्टर मूळ कंपनीचाच घ्या. डेलच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यावरून मशीन अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवतं. लोकल अ‍ॅडॉप्टर लावला आणि ओळख पटली नाही, तर सुरू होताना ताकीद देऊन मशीन प्रोसेसरचा वेग पार खाली आणतं. गिऱ्हाईक म्हणतं मशीन स्लो आहे, आणि दोष असतो अडीचशे रुपयांच्या अ‍ॅडॉप्टरचा.

वायफाय आहे का ते विचारा. ऑफिसात केबल असते, त्यामुळे यातल्या बऱ्याच मशीनमध्ये वायफायचं कार्ड आणि अँटेना नसतातच. तुमचा राउटर हॉलमध्ये आणि टेबल आतल्या खोलीत असेल तर हे आधीच ठरवा. तसंच मागे डिस्प्लेपोर्ट जास्त आणि एचडीएमआय कमी किंवा नाहीच, असं असतं. मॉनिटरला कुठली केबल लागते ते पाहून तिथेच घेऊन टाका.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. त्यात डिस्क किती तास चालली आणि तिची तब्येत किती टक्के उरली ते दिसतं. ९० च्या खाली असेल तर बदलून मागा. 'नवीन एसएसडी टाकलीय' म्हणत असतील तर कुठल्या कंपनीची ते वाचा, नाव कधीच ऐकलं नसेल तर जुनी पण चांगल्या कंपनीची बरी.

शेवटी झाकण उघडून दाखवायला सांगा. पंख्याच्या पात्यांवर आणि मागच्या तांबे-अ‍ॅल्युमिनियमच्या फटींत करड्या धुळीचा थर तसाच असेल, तर त्यांनी बाहेरून पुसण्यापलीकडे काही केलेलं नाही. नीट काम करणारा माणूस धूळ काढतो, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावतो, आणि सीआर२०३२ सेल बदलतो. विचारलं की त्याच्या उत्तरावरूनच कळतं. अशा माणसाकडून सहा महिने ते वर्षाची वॉरंटी लेखी मिळते. ती देणारा दुकानदार कराड-सातारा-कोल्हापूर पट्ट्यातला, म्हणजे तुम्ही मशीन पिशवीत घालून एसटीने जाऊन परत येऊ शकाल इतका जवळ असावा. दिल्लीहून कुरियरने हजार रुपये स्वस्त मिळत असेल तरी मी नाही म्हणेन.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? पहिला खर्च यूपीएसचा. लॅपटॉपला बॅटरी असते, याला नाही. मात्र छोट्या मशीनचा भार इतका कमी की ६०० व्हीएचा साधा यूपीएस चांगल्या बॅटरीवर मशीन आणि मॉनिटर मिळून अर्धा-पाऊण तास सहज ओढतो. जुन्या टॉवरला तोच यूपीएस दहा-पंधरा मिनिटं पुरला असता. दुसरा खर्च बॅकअपचा. यातल्या बहुतेक मशीनमध्ये एम.२ च्या जोडीला अडीच इंची डिस्कची जागा असते. तिथे एक साधी एसएसडी बसवा आणि टॅलीचा डेटा रोज रात्री तिच्यावर जाईल असं लावून घ्या. आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवरही, आणि ती डिस्क मशीनजवळ ठेवू नका.

मशीन ठेवायची जागाही पाहा. मेमध्ये तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. मॉनिटरच्या मागे भिंतीला चिकटवून किंवा ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवलं तर हवाच मिळत नाही, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. नावाच्या शेवटी 'टी' असलेला ३५ वॉटचा प्रोसेसर या डब्यांना सोसतो. 'टी' नसलेला ६५ वॉटचा असेल तर उन्हाळ्यात पंख्याचा आवाज सहन करायची तयारी ठेवा.

एक धोका नव्या-जुन्या दोन्हींत आहे, पण जुन्यात तो लवकर समोर येऊ शकतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा न विचारता एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. रोज वापरताना काही जाणवत नाही. मदरबोर्ड गेला, टीपीएम पुसला गेला किंवा बायोस बदललं, की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा गेला. ती की तुम्ही लॉगिन केलेल्या खात्यात साठवलेली असते. म्हणून सेटअप दुकानदाराच्या खात्याने होऊ देऊ नका, तुमच्याच खात्याने करा. आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ती की कागदावर छापून फाइलला लावा.

बदल करायची वेळ तुम्हीच ठरवा, पण जीएसटीच्या २० तारखेच्या आठवड्यात किंवा जुलैअखेरच्या रिटर्नच्या गर्दीत नको. जुन्या मशीनवर टॅलीचा बॅकअप घ्या, तो नव्यावर रिस्टोअर करून दोन-चार कंपन्यांचा ताळेबंद दोन्हीकडे जुळतो का बघा. मग जुन्यावरून टॅलीचं लायसन्स सरेंडर करा आणि नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. टोकनचा ड्रायव्हर आणि एमसायनर (पोर्टलवर डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर) टाकून पोर्टलवर डीएससी ओळखली जाते ना, ते तपासा. त्यानंतरही जुना टॉवर महिनाभर तसाच ठेवा. नंतर भंगारात देताना आतली हार्ड डिस्क मात्र काढून घ्या, तिच्यावर तुमच्या क्लायंटचे इतक्या वर्षांचे हिशेब आहेत.